उजवीकडचा जॉइंट

माझं दुकान व्हील अलाइनमेंटचं. गाडी एका बाजूला ओढायला लागली किंवा टायर एकाच कडेनं झिजायला लागले की लोक माझ्याकडे येतात आणि मी चाकं सरळ करून देतो. पण चाकं सरळ राहायची तर ती ज्या सांध्यांवर वळतात ते सांधे घट्ट हवेत. ते ढिले असले की माझ्या यंत्रावर आकडे कितीही सुरेख येवोत, गाडी पुढच्या वळणापर्यंत जाते आणि परत तिरकी चालायला लागते. शिव्या मात्र मला पडतात. म्हणून माझी एक सवय होती. गाडी आली की आधी शेजारी पाठवायची. शेजारी मिस्त्री होता.

मिस्त्री फक्त स्टिअरिंगचं काम करायचा. इंजिन नाही, ब्रेक नाही, हॉर्न वाजत नाही म्हणून कुणी आलं तर मान वर न करता "पुढच्या गल्लीत" म्हणायचा. त्याची बायको एकदा मला म्हणाली होती, "घरातलं दार दोन वर्षं कुरकुरतंय भाऊजी. तेल घाला म्हटलं तर म्हणतात, माझी लाइन नाही." अठरा वर्षं आमच्या दोन दुकानांमध्ये एक पत्र्याची भिंत होती. मी बडबड्या, तो घुम्या, म्हणून आमचं जमलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टिअरिंगचा जॉइंट म्हणजे आपल्या खांद्यात असतो तसाच सांधा. एका वाटीत बसलेली लोखंडी गोळी, गोळीला दांडा, वर रबराची टोपी, आत ग्रीस. स्टिअरिंग फिरवलं की एक दांडी चाकाला ढकलते किंवा ओढते, आणि त्या दांडीच्या टोकाला हा सांधा असतो. हाताच्या मुठीएवढा. तो वाटीतून निसटला तर तुमच्या हातातल्या स्टिअरिंगचा आणि खालच्या चाकाचा एकमेकांशी काडीचा संबंध उरत नाही. गाडी जिकडे जाईल तिकडे तुम्ही.

तो तपासायची मिस्त्रीची रीत एकच. कुणीतरी गाडीत बसून स्टिअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवायचं. हा खाली आडवा होऊन सांध्यावर अंगठा ठेवायचा आणि डोळे मिटायचा. सांधा ढिला असला तर आत बारीक टक लागते. सुरुवातीला ती कानाला ऐकू येत नाही, डोळ्याला दिसत नाही, फक्त बोटाला कळते. मला कळायच्या आधी सहा महिने त्याला कळायची. मी चिडवायचो, "मिस्त्री, तुला बँकेत सही कशाला लागते रे? अंगठाच दे." तो हसायचा नाही. विनोद हीसुद्धा त्याची लाइन नव्हती.

त्याचे दोन नियम होते. पहिला, खराब निघालेल्या सांध्यावर छिन्नीनं एक तिरकी खाच मारायची आणि मगच तो भंगाराच्या डब्यात टाकायचा. पुन्हा कुणी चुकूनसुद्धा गाडीला लावू नये म्हणून. डाव्या चाकाचा असेल तर खाच डावीकडे कललेली, उजव्याचा असेल तर उजवीकडे. त्याच्या छिन्नीचा एक कोपरा उडालेला होता, त्यामुळे खाचेच्या शेवटी एक छोटी शेपटी उमटायची. दुसरा नियम, सांधे जोडीनंच बदलायचे. डावा गेला की उजवाही काढायचा, चांगला असला तरी. एक नवा आणि एक जुना असला की गाडी नव्याच्या तालावर चालते आणि जुन्याला मारते, असं त्याच्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं. आमच्या धंद्यात सगळे हेच मानतात. मीही मानायचो.

आता ताई. ताई म्हणजे मिस्त्रीची मोठी बहीण. नवरा गेला तेव्हा तिच्याकडे उरली एक बारा सीटची व्हॅन, आणि व्हॅन चालवायला कुणी नाही. ड्रायव्हर ठेवले, ते डिझेल प्यायले. म्हणजे अक्षरशः नाही, पण तुम्हाला समजलं असेल. शेवटी चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं स्वतः स्टिअरिंग हातात घेतलं. मिस्त्रीनं तिला शिकवलं. गिअर टाकताना ती दात-ओठ खायची आणि हा शेजारी बसून भिंतीसारखा गप्प. पॅकिंगच्या कारखान्यातल्या बारा बायकांना सकाळी सहाच्या पाळीला सोडायचं आणि दुपारी आणायचं, हे काम तिनं पकडलं. तेव्हा मिस्त्री माझ्यासमोर तिला म्हणाला होता, "गाडी तू चालव ताई. चाकांचं मी बघतो. मी जा म्हटलं तरच निघायचं." ती म्हणाली, "आणि तू आजारी पडलास तर?" तो म्हणाला, "पडणार नाही." एका दमात एवढं बोलणं मी त्याच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

आठ वर्षं काही झालं नाही. सांधे मूळ कंपनीचे होते, गाडीबरोबर आलेले. मग दोन वर्षांपूर्वी एक दिवस मिस्त्री व्हॅनच्या खालून बाहेर आला आणि म्हणाला, "डाव्याला टक लागतेय." उजवा अगदी ठणठणीत होता. तो मीसुद्धा हलवून बघितला होता, दगडासारखा घट्ट. पण नियम म्हणजे नियम. मिस्त्रीनं दोन्ही काढले, दोन्हींवर खाचा मारल्या आणि दोन्ही डब्यात टाकले. डब्यात पडल्याचा आवाज मला पलीकडे ऐकू आला होता. त्या आठवड्यात भंगारवाला येऊन डबा रिकामा करून गेला.

मग मिस्त्री नवे आणायला गेला आणि तिथून आमची फरफट सुरू झाली.

त्या गाडीचे पार्ट कंपनीनं बनवणं बंद केलं होतं. स्पेअर पार्टवाला शेठ कॅटलॉग उघडून दाखवायचा. "हे बघा मिस्त्री, पान आहे, नंबर आहे, माल नाही. कंपनीच बनवत नाही तर मी काय घरी ओतू?" त्यानं दुसऱ्या बनावटीची जोडी दिली. खोका इतका चकचकीत, की लग्नात द्यावा. आतला माल हातात घेऊन मिस्त्रीनं तो दोनदा वजन केल्यासारखा तळहातावर वर-खाली केला. दुसरं काही मिळतच नव्हतं. त्यानं बसवला, मी अलाइनमेंट केली, ताई कामाला लागली. पाच आठवड्यांनी अंगठ्याला टक लागली.

दुसरी जोडी सात आठवडे टिकली. तिसऱ्या जोडीत नट अडकवायच्या पिनेचं भोकच अर्धं वर पाडलेलं होतं, पिन जाईना. मिस्त्री ते परत घेऊन गेला तर शेठ म्हणाला, "फिटिंगमध्ये चुकलं असेल तुमचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण मीही त्याच्यासोबत गेलो होतो. अठ्ठावीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला फिटिंग शिकवतो हा! मिस्त्री मात्र मान खाली घालून खोका काउंटरवर पुढे सरकवत राहिला. शेठनं खोक्यावरची ओळ बोटानं दाखवली, एकदा बसवलेल्या मालाची हमी नाही. मी म्हटलं, "आणि बसवल्याशिवाय कळणार कसं?" शेठ म्हणाला, "ते कंपनीला विचारा." कुठल्या कंपनीला? खोक्यावर नाव होतं, पत्ता नव्हता.

चौथ्या जोडीची रबरी टोपी महिन्याभरात फाटली, आत धूळ गेली आणि ग्रीसची पेस्ट झाली. पाचव्या जोडीत गोळी इतकी कडक बसवलेली, की वळल्यावर स्टिअरिंग परत सरळच होईना. ताई म्हणाली, "अरे, ही गाडी माझं ऐकत नाही, मला तिच्या पाया पडावं लागतं प्रत्येक वळणावर." ती हसत होती. व्हॅनमधल्या बायकाही हसत होत्या. मिस्त्रीनं त्याच दिवशी ती जोडी काढली.

आणि या सगळ्यात, खरं सांगायला मला लाज वाटते, माझं चांगलं चाललं होतं. सांधा बदलला की अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते. फक्त ताईची नाही, त्या काळात असला माल बसवलेल्या सगळ्यांच्याच गाड्या महिन्या-दोन महिन्यांनी परत यायच्या. ताईकडून मी काही घेत नव्हतो, पण बाकीच्यांकडून घेत होतोच. मिस्त्रीचा मात्र धंदा बसला. लोकांना पार्ट दिसत नाही, मिस्त्री दिसतो. "याच्याकडे काम टिकत नाही" असं बोललं जाऊ लागलं. मी ऐकायचो आणि कधी भांडायचो, कधी गप्प बसायचो. गप्प बसलो तेच जास्त.

मग मीच शहाणपणा केला. गावाबाहेरच्या हायवेवर एक जण जुन्या साठ्यातला अस्सल माल विकतो असं मला एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं. मी मिस्त्रीला स्कूटरवर मागे बसवून नेलं. त्या माणसानं आतल्या खोलीतून, कपड्यात गुंडाळलेले दोन खोके आणले. कंपनीचं नाव, चमकणारा शिक्का, सगळं. "शेवटची जोडी आहे," तो म्हणाला. किंमत ऐकून मी खोकलो. मिस्त्रीनं सांधा हातात घेतला आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. "वजन आहे," तो म्हणाला. परत येताना तो खोके मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसला होता. मला वाटलं, सुटलो.

सहा आठवडे. सहा आठवड्यांनी डाव्या सांध्याला टक लागली.

त्या दुपारी मिस्त्री चिडलासुद्धा नाही. त्यानं सांधा काढला, पेट्रोलच्या डब्यात बुडवला आणि ब्रशनं घासायला लागला. का घासत होता कुणास ठाऊक, बहुतेक वाटी कुठे उघडली ते बघत असावा. काळा रंग सुटून पेट्रोलवर तरंगायला लागला. रंगाखाली पुट्टी होती. पुट्टी त्यानं नखानं उकरली. मग त्यानं सांधा उजेडात धरला, म्हणून मी जवळ गेलो.

डावीकडे कललेली तिरकी खाच होती. शेवटी छोटी शेपटी.

"तुझी?" मी विचारलं.

"माझी."

भंगारात किलोनं गेलेले सांधे कुणीतरी वेचून घ्यायचं, गोळीभोवती काहीतरी कोंबायचं, वाटी दाबून बंद करायची, खाचेत पुट्टी भरून रंग मारायचा, नवी टोपी, नवा खोका, नवा शिक्का. त्यानं स्वतःच्या हातानं मारून टाकलेला सांधा त्याला विकला होता, आणि त्यानं तो बहिणीच्या गाडीला बसवला होता. सहा आठवडे. बारा बायका आणि ताई.

मी शिव्या द्यायला लागलो. हायवेवरच्या त्या माणसाला, भंगारवाल्याला, शेठला, कंपनीला, ज्या ड्रायव्हरनं मला पत्ता दिला त्याला. मी स्वतःला द्यायला हव्या होत्या, पण त्या जिभेवर येईनात. मिस्त्री मध्येच म्हणाला, "उजवा."

"काय उजवा?"

"उजवा चांगला होता रे. मी काढला तो." तो म्हणाला, "अजून दहा वर्षं चालला असता. मी काढला आणि खाच मारली."

मी म्हटलं, "नियमच आहे तो. कुणीही काढला असता."

"कुणीही नाही. मी काढला."

हायवेच्या जोडीतला उजवाही त्यानं घासून बघितला, त्यावर खाच नव्हती. त्यानंतर मिस्त्री ताईच्या गाडीच्या त्या मूळ उजव्या सांध्याच्या मागे लागला. आधी भंगारवाल्याचा उंबरा झिजवला. तो बिचारा म्हणाला, "माझ्याकडून किलोनं जातं, पुढे कुठे जातं मला काय माहीत?" मग मिस्त्री स्पेअरच्या दुकानांत जाऊन त्या गाडीचे खोके उघडून घ्यायचा आणि खिशातल्या पेचकसाच्या टोकानं रंग खरवडून बघायचा. उजवीकडे कललेली खाच शोधत. शेठनं पहिल्यांदा समजावलं, दुसऱ्यांदा हात धरला, तिसऱ्यांदा दुकानातल्या माणसांना सांगून बाहेर काढलं. "डोकं फिरलंय तुमचं," तो रस्त्यावर सगळ्यांसमोर म्हणाला. मी मध्ये पडलो. घरी येताना मी विचारलं, "समजा सापडला, तर?" तो म्हणाला, "तर निदान एक तरी खरा असेल."

तो सापडला नाही. सापडणार नव्हताच.

मग त्यानं ते सोडलं आणि एकच गोष्ट धरली. जे मिळेल ते बसवायचं आणि रोज तपासायचं. रोज म्हणजे रोज. मी दुकानाच्या वरच राहतो. पहाटे पाचला व्हॅन खाली येऊन उभी राहायची आणि स्टिअरिंगचा तो कर्रकर्र आवाज सुरू व्हायचा, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. मला घड्याळाचा गजर लावायची गरज उरली नाही. ताई वर बसलेली, हा खाली अंगठा लावून. पाच मिनिटांनी तो गाडीखालून हात काढून पत्र्यावर दोन थापा मारायचा. म्हणजे जा. कधी थापा पडायच्या नाहीत, मग तो लगेच खाली पडूनच नवा सांधा मागायचा आणि ताई खोका फोडून त्याच्या हातात द्यायची. कारखान्याच्या बायकांना उशीर व्हायचा, पण त्या काही बोलायच्या नाहीत. त्यांना सगळं ठाऊक होतं.

अकरा महिने असे गेले. बाकी कामं त्यानं जवळपास बंदच केली. मी म्हटलं, "अरे, दुसरी गाडी घे तिला." म्हणायला माझं काय जातं? त्या दोघांच्या घरची परिस्थिती मला माहीत नव्हती असं थोडंच आहे. ताई एकदा माझ्याकडे चहा प्यायला थांबली तेव्हा म्हणाली, "त्याच्या अंगठ्यावर चाललंय बघा माझं. बाकी कशावर नाही."

गेल्या महिन्यातली गोष्ट. पहाटे आवाज सुरू झाला आणि थांबेचना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी गॅलरीत आलो. खालून मिस्त्रीनं मला बघितलं आणि हाक मारली, "जरा खाली येतोस?"

मी उतरलो. तो गाडीखालून बाहेर आला, अंगाला धूळ, आणि म्हणाला, "तू हात लाव."

अठरा वर्षांत त्यानं कधी कुणाला हात लावायला सांगितलं नव्हतं. मी गंमत समजून काहीतरी बोलणार होतो, पण त्याचं तोंड बघितलं. आडवा झालो. माझं पोट गाडीखाली मावत नाही, तरी कसाबसा सरकलो. डाव्या सांध्यावर अंगठा ठेवला आणि "हलवा ताई" म्हटलं.

टक. टक. टक. अंगठ्यालाच काय, मनगटापर्यंत येत होती. माझ्या कानालासुद्धा आली. उजव्याला लावला. तिथंही तेच.

मी बाहेर आलो. "आहे," मी म्हटलं. "दोन्हींना आहे. चांगलीच आहे. तुला कसं..."

त्यानं उजव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर धरला आणि डाव्या हाताच्या नखानं त्यावर जोरात दाबलं. खूण उठली, पांढरी, मग लाल. तो त्याकडे दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखा बघत होता. "आज कानाला टक आली, अंगठ्याला लागत नाही," तो म्हणाला. "कालही लागलं नाही. मला वाटलं, सांधा चांगला निघाला या वेळी. खूश झालो होतो मी."

"किती दिवस?"

"माहीत नाही. महिना झाला, एकदाही टक लागली नाही."

महिनाभर रोज पहाटे पत्र्यावर दोन थापा पडल्या होत्या. मी वरून अर्धवट झोपेत ऐकल्या होत्या आणि कूस बदलून झोपलो होतो.

गाडीच्या खिडकीतून ताईनं डोकं बाहेर काढलं. "काय रे? जाऊ ना? बायका उभ्या असतील कोपऱ्यावर."

मिस्त्री दरवाजाशी गेला, आत हात घातला आणि किल्ली काढून घेतली. ती काही विचारणार होती, पण त्यानं अंगठा तिच्यासमोर धरला आणि तिचंच नख घेऊन त्यावर दाबलं. एवढंच केलं. ताई खाली उतरली. त्याचा अंगठा तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला, लहान असताना दारात चेंगरल्यावर धरला असेल तसा. रागावली असती तर बरं झालं असतं. मला तरी बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "मी लावतो ना रोज अंगठा. वरच तर राहतो." ताईनं माझ्याकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे. तो म्हणाला, "तुला उशिरा कळतं." खोटं नव्हतं ते.

ताईनं फोन काढला आणि कारखान्यातल्या सुपरवायझर बाईंना लावला. "आज गाडी येणार नाही," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "उद्याही नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा."

मिस्त्री तोवर दुकानात जाऊन आला होता. हातात हातोडी आणि ती कोपरा उडालेली छिन्नी. तो परत गाडीखाली गेला. सांधे गाडीलाच होते, काढलेसुद्धा नव्हते. आधी डावीकडून एक घाव ऐकू आला. मग तो सरकत सरकत पलीकडे गेला आणि उजवीकडे दुसरा घातला.